प्रवाळ दगड नव्हे : मालवणच्या पाण्यात उतरण्याआधी

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेल्या होडीत बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की आपण एका अभयारण्यातून चाललो आहोत. ना कमान, ना फाटक, ना तिकीटखिडकीवर वाघाचे चित्र. पण 1987 मध्ये राज्य सरकारने इथल्या 29.122 चौरस किलोमीटर समुद्राला सागरी अभयारण्य घोषित केले. त्यातला 3.182 चौरस किलोमीटरचा गाभा म्हणजे किल्ला, शेजारचा पद्मगड आणि भोवतालचे पाण्याखालचे खडक. स्नॉर्केलिंगची नळी तोंडात धरून पर्यटक उतरतात ते याच परिसरात.

होडीत चढण्यापूर्वी सूचनांची यादी ऐकवली जाते: उभे राहू नका, हात लावू नका, काही उचलू नका. ऐकणाऱ्याला ती सरकारी थाटाची वाटते. प्रत्यक्षात यातल्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचे कारण एक तर प्रवाळाच्या शरीरात आहे, नाहीतर माणसाच्या फुप्फुसात.

गैरसमज : संरक्षित क्षेत्र म्हणजे माणसांना बंदी

वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत फरक आहे. उद्यानातले निर्बंध अधिक कडक असतात. मालवणला अभयारण्याचा दर्जा आहे, आणि ते घोषित झाले तेव्हा इथे पिढ्यान्‌पिढ्या रापणीची जाळी ओढणारी, होड्या हाकणारी वस्ती होतीच. त्यामुळे उपजीविकेच्या धास्तीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात जो किनारी जैवविविधता प्रकल्प राबवला गेला, त्यात स्थानिक तरुणांना स्कूबा आणि स्नॉर्केलिंगचे प्रशिक्षणही मिळाले. आज पर्यटकाचा हात धरून त्याला खाली नेणारा मार्गदर्शक बऱ्याचदा मच्छीमाराच्या घरातला असतो.

देशात इतरत्रही पाहण्याची मुभा आहे, पण अटींवर. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात नरारा इथे ओहोटीच्या वेळी चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात. अंदमानातल्या वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे आलटून पालटून खुली ठेवतात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. तिथे जाताना प्लॅस्टिकच्या वस्तूही तपासल्या जातात.

गैरसमज : खरे प्रवाळ लक्षद्वीपला, मालवणला नुसते खडक

चित्रफितीतले जांभळे-गुलाबी बगीचे डोक्यात ठेवून उतरणाऱ्याची मालवणात निराशा होते, हे खरे. इथले प्रवाळ तपकिरी, हिरवट, करड्या रंगांचे असतात. आकारही गोलसर ढिगाऱ्यासारखा किंवा खडकाला चिकटून पसरलेला. पोराइटिस, गोनियास्ट्रिया, फेव्हाइटिस, टर्बिनारिया असे त्यांचे प्रकार शास्त्रज्ञांनी इथून नोंदवले आहेत. पावसाळ्यात नद्या आणि खाड्यांतून येणारा गाळ सहन करू शकतील अशाच प्रजाती या किनाऱ्याला टिकतात.

रंगांचा थोडा दोष पाण्याचाही आहे. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी आधी शोषून घेते. काही मीटर खाली गेले की लाल वस्तू काळपट दिसू लागते. छायाचित्रातला झगमगाट बऱ्याचदा छायाचित्रकाराने खाली नेलेल्या दिव्याचा असतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापलीकडे स्वच्छ पाण्यातले मोठे प्रवाळक्षेत्रही आहे. विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर आत समुद्रात एक बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून ते आंग्रिया बँक म्हणून ओळखले जाते. मात्र त्याचा माथाच वीसेक मीटर खोल आहे, तेव्हा ते सहज एका दिवसात उरकण्याचे ठिकाण नव्हे.

गैरसमज : प्रवाळ हा दगडच, पाय ठेवला तर काय बिघडते?

गोनियास्ट्रियाच्या एखाद्या ढिगाऱ्याजवळ चेहरा नेला की त्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. काही मिलिमीटर रुंदीच्या त्या प्रत्येक खळग्यात एक प्राणी बसलेला असतो. जेलीफिशच्या नात्यातला, तोंडाभोवती बारीक शुंडके असलेला. रात्री तो शुंडके बाहेर काढून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो, दिवसा बहुधा आत ओढून घेतो. म्हणूनच दिवसा आलेल्या पाहुण्याला तो निर्जीव वाटतो. दगड असतो तो खालचा चुन्याचा सांगाडा; जिवंत कातडी त्यावर पातळ थराने पसरलेली असते. बोट फिरले, पायात घातलेल्या पंखाची कड घासली, की ती सोलवटते, तिच्यावरचा बुळबुळीत संरक्षक थर पुसला जातो आणि जखमेवर शेवाळ किंवा जंतू ठाण मांडतात. गोलाकार प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. माणसाच्या डोक्याएवढ्या ढिगाऱ्यामागे काही वर्षांची वाढ असते.

मुद्दाम कोणी प्रवाळ तुडवत नाही. नवखा माणूस तरंगत असतो, गॉगलमध्ये पाणी शिरते, तो दचकतो आणि ते काढायला पाय खाली टाकून उभा राहतो. खाली नेमका उथळ खडक असतो. उपाय सोपा आहे: होडीजवळ, वाळूच्या तळावर गॉगल रिकामा करण्याचा सराव आधी करायचा आणि गडबड झाली तर लाईफ जॅकेटवर उताणे व्हायचे. तीच गोष्ट नांगराची. लोखंडी नांगर खडकात टाकला तर शेकडो पावलांचे काम एका फटक्यात करतो. म्हणून होडी वाळूत नांगरणारा किंवा कायम बांधलेल्या बोयाला दोर लावणारा नावाडी निवडावा.

गैरसमज : पांढरे पडलेले प्रवाळ मेलेलेच असते

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, त्यातला मोठा वाटा यजमानाला देते, आणि तपकिरी रंगही त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी गरम होऊन काही आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी तुटते. शैवाल बाहेर पडते आणि पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. त्या क्षणी प्रवाळ उपाशी असते, मेलेले नसते. पाणी वेळेत निवले तर शैवाल पुन्हा वसते. उष्णता लांबली तर मात्र ते मरते. गेल्या दशकात मालवणच्या पाण्यातही अशा विरंजनाच्या नोंदी झाल्या आहेत. एप्रिल 2024 मध्ये तर शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. अशा दुर्बल प्रवाळाला लागलेला धक्का नेहमीपेक्षा महागात पडतो.

गैरसमज : मेलेला तुकडा घरी नेला तर चालतो

चालत नाही. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. जिवंत की मेलेला, असा भेद कायदा करत नाही. शिक्षा किमान तीन वर्षांच्या कैदेची आहे. शोकेससाठी उचललेला तुकडा बॅगेत सापडला तर ‘वाळूतच पडला होता’ हे उत्तर कामाला येत नाही. अंगठीत बसवतात ते लाल पोवळे वेगळे. ते मुख्यत्वे भूमध्य समुद्रातल्या, शैवालाशिवाय अंधाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या प्रजातीचे असते. मालवणच्या खडकावरून त्याचा दाणाही निघत नाही.

गैरसमज : पाव टाकला की माशांचे पोट भरते

पाव टाकतात ते माशांच्या भुकेपायी नव्हे, व्हिडिओत गर्दी दिसावी म्हणून. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे धीट मासे तुटून पडतात, बुजरे मागे हटतात. खडकावरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या माशांनी मैदा खाऊन पोट भरले, तर प्रवाळाची साफसफाई कोण करणार? उरलेला पाव तळाशी कुजतो तो वेगळाच. चित्रीकरणाचे पैसे देतानाच ‘पाव नको’ असे सांगता येते.

गैरसमज : सनस्क्रीन बदलले की प्रवाळ वाचले

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने प्रवाळाला घातक असल्याचे प्रयोगशाळेत दिसल्यावर हवाईने त्यांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा 2018 मध्ये केला. तो 2021 पासून लागू झाला. पण प्रवाळाचे मोठे शत्रू तापलेले पाणी, गाळ आणि सांडपाणी हेच आहेत. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला तर पाठीवर मलम चोपडण्याची गरजच कमी होते.

गैरसमज : पाठीवर ऑक्सिजनची टाकी असते

टाकीत साधीच हवा दाबून भरलेली असते, पाचव्या हिश्शाएवढा प्राणवायू असलेली. शुद्ध प्राणवायू घेऊन सहा मीटरच्या खाली गेले तर झटके येण्याचा धोका असतो.

पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकासोबत उथळ पाण्यात स्कूबाचा पहिला अनुभव घेता येतो. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला मात्र पोहणे लागते. पहिल्या मीटर-दोन मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकत कान मोकळे करावेत. दुखू लागण्याची वाट पाहू नये. सर्दी झाली असेल तर बेत पुढे ढकलावा. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण लपवून अर्जावर सही करू नये. आणि वर येताना श्वास कोंडू नये, कारण दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली छाती वर येईपर्यंत दुप्पट फुगू पाहते.

गैरसमज : सकाळी डाईव्ह, संध्याकाळी विमान

दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो आणि हळूहळू बाहेर पडतो. विमानात दाब कमी होताच त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणून एका साध्या डाईव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाईव्हनंतर किमान 18 तास थांबण्याची शिफारस आहे. चिपी किंवा मोपा विमानतळावरून परतणाऱ्यांनी पहिल्या दिवशी पाण्यात उतरावे आणि किल्ला, तारकर्लीची वाळू नि मालवणचा बाजार दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. फक्त स्नॉर्केलिंग करणाऱ्यांना ही अट नाही. ते पृष्ठभागावरचीच हवा घेत असतात.