कोरा नमुना

चंदीगड मागे पडलं की भातशेती सुरू होते आणि अंगणाअंगणांत हापसे दिसू लागतात. ज्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेबरोबर मी पाण्यातलं आर्सेनिक तपासायला गेले होते, त्यांनी पोहोचल्या पोहोचल्या विद्यार्थ्यांना हापसा मारायला लावलं. पाइपात रात्रभर साचलेलं पाणी आधी निघून जायला हवं. मीटरवरचं तापमान आणि विद्युतवाहकता स्थिरावली, तेव्हा कुठे बाटल्या बाहेर आल्या.

पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गेलं आणि लगेच त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब पडले. हे थेंब फार मोलाचे. ते घालायचे राहिले, तर हवा लागून पाण्यातलं लोह गंजासारखं खाली बसतं, आर्सेनिकही त्याला चिकटून तळ गाठतं आणि प्रयोगशाळेत वरचं विषारी पाणी निर्दोष ठरतं. शेजारी एक बाटली शुद्ध पाण्याची होती, तीही तिथेच उघडली, तिच्यावरही तेच सोपस्कार झाले. हा कोरा नमुना. यात आर्सेनिक सापडलं, तर दोष आपल्या हातांचा.

हा काटेकोरपणा मला या पेशाचा कणा वाटतो. मोजायचं असतं लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, ही पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा. दुसरा स्रोत नसेल तर पूर्वी ५० पर्यंत सवलत होती. भारतीय मानकाने ती नंतर काढून टाकली.

देशातल्या भूजलातल्या आर्सेनिकची पहिली नोंद याच भागातली. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेचे डॉ. डी. व्ही. दत्ता यकृताच्या एका विकाराचं कारण शोधत होते. १९७६मध्ये त्यांनी चंदीगड, पंजाब, हरियाणा आणि हिमाचलमधल्या गावांच्या विहिरी, झरे, हापशांतलं आर्सेनिक जगापुढे मांडलं. पश्चिम बंगालमधले रुग्ण पुढे आले ते १९८३मध्ये. जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींनी त्या पाण्यामागे दशकं घालवली. इथल्या नोंदीला तसा पाठपुरावा लाभला नाही, याची मला मनापासून खंत वाटते. एकदा मोजून पाणी कळत नाही. त्याच हापशाकडे वर्षानुवर्षं परतणारं माणूस लागतं.

ज्या घरच्या हापशाचे नमुने घेतले, तिथल्या आजींनी आम्हाला तेच पाणी प्यायला दिलं. गोड होतं. आर्सेनिकला ना चव, ना वास, ना रंग.

“उकळून प्यायलं तर चालेल ना, बेटी?” त्यांनी विचारलं.

“नाही बीबीजी. उकळल्याने पाणी आटतं, आर्सेनिक तेवढंच राहतं. निकाल येईपर्यंत या पाण्याने धुणीभांडी करा, प्यायला दुसरीकडचं आणा.”

मग प्राध्यापिकाबाईंनी शेजारच्या हापशाची चौकशी केली. बोअर कधी मारलं, किती खोल? वीस पावलांवर खोली बदलली की पाणीही बदलू शकतं. शेजारणीने फाटक उघडलं. विद्यार्थी बाटल्या घेऊन तिकडे निघाले.