गोळी थांबवल्यावर

गर्भनिरोधक गोळ्या काही वर्षं घेतल्यावर आता मूल हवं आहे, तर आधी शरीर ‘डिटॉक्स’ करून घ्यावं लागतं का, असं एका वाचक भगिनीने विचारलं आहे. अजिबात नाही. पण प्रश्न मला फार आवडला, कारण गोळीच्या इतिहासाची सुरुवातच मुळी ती थांबवण्यापासून होते.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन रॉक हे बोस्टनजवळ ब्रुकलाइनच्या रुग्णालयात मूल न होणाऱ्या जोडप्यांवर उपचार करत. गर्भाशय आणि गर्भनलिकांची वाढ अपुरी राहिल्यामुळे काहींना दिवस राहत नसावेत, असा त्यांचा कयास होता. म्हणून त्यांनी ८० स्त्रियांना गरोदरपणातली संप्रेरकं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, काही महिने दिली. पाळी थांबली, छाती भरून आली, आणि कित्येकींना वाटलं की दिवस गेले! ते खरं नाही हे सांगताना रॉकना किती जड गेलं असेल. मात्र औषध बंद केल्यावर काही महिन्यांतच त्यांपैकी १३ जणींना खरोखर दिवस गेले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय औषधाचंच असं म्हणता येत नाही. पण संप्रेरकं थांबली की स्त्रीबीज पुन्हा सुटू लागतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

त्या बायकांची अशी फसगत होऊ नये म्हणून, पुढे रॉक यांच्यासोबत गोळी विकसित करणारे शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांनी सुचवलं, दर महिन्याला काही दिवस औषध थांबवा, म्हणजे रक्तस्राव होईल. तीच रचना आजही आपल्या हातात असते. माला-डीचं पाकीट पाहा: २१ पांढऱ्या गोळ्या आणि ७ तपकिरी. तपकिरी गोळ्यांत फक्त लोह असतं. त्या दिवसांत येते ती खरी पाळी नव्हेच. स्त्रीबीज सुटलेलंच नसतं, संप्रेरकांचा आधार गेल्याने गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं, एवढंच.

म्हणून गोळ्या सोडल्यावर दोन-चार दिवसांत येणारा पहिला रक्तस्राव हिशेबात धरू नका. औषध काही दिवसांत शरीरातून निघून जातं, मेंदूतली पियुषिका ग्रंथी कामाला लागते आणि बहुतेकींची स्वतःची पाळी चार ते सहा आठवड्यांत येते. स्त्रीबीज त्याआधीच सुटतं, त्यामुळे पाळी न दिसताच दिवस राहू शकतात. युरोपात गोळी सोडलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत सुमारे २१ टक्के पहिल्याच चक्रात आणि ७९ टक्के वर्षभरात गरोदर राहिल्या. गोळी कधीच न घेतलेल्यांचे आकडेही असेच असतात. मग पावडरी आणि काढे विकणारे नेमकं काय धुऊन काढणार आहेत?

‘गोळ्यांनी माझी पाळी बिघडवली’ ही तक्रार मात्र नीट ऐकायला हवी. अनेकदा पाळी आधीपासूनच अनियमित असते, पीसीओएस असतो, आणि गोळीने ते सगळं झाकलेलं असतं. मुरुमं आणि पोटदुखीही अशीच परततात. तीन महिने पाळी आली नाही, तर आधी गर्भचाचणी करा आणि मग डॉक्टरांकडे जा.

खरा उशीर होतो तो तीन महिन्यांच्या इंजेक्शनने. सरकारी दवाखान्यात ते ‘अंतरा’ नावाने मिळतं. स्नायूत साठलेले त्याचे सूक्ष्म कण खडीसाखरेसारखे हळूहळू विरघळत राहतात. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला बहुधा सात ते दहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. हे पहिली सुई टोचण्याआधीच प्रत्येकीला सांगितलं गेलं पाहिजे. नाहीतर ‘हिला आता मूल होणार नाही’ अशी कुजबुज घरात सुरू होते आणि त्याचा त्रास तिलाच भोगावा लागतो.

डिटॉक्सचे पैसे वाचवा आणि फॉलिक ॲसिडची साधी गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा, तीही गर्भनिरोधक सोडण्याआधीच. गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटते, आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो.