फिटरला एम-थ्री कोण शिकवणार?

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला गेलेल्या मुलाच्या हातात पहिले काही आठवडे कानस असते. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कड काटकोनात येईपर्यंत घासत राहायचं. निदेशक येतात, ट्राय स्क्वेअर लावतात, तुकडा उजेडाकडे धरतात. फटीतून उजेड दिसला की 'जॉब' परत. दोन वर्षांनी हाच मुलगा व्हर्नियरवर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंतचं माप वाचतो, ड्रॉईंग बघून काम उचलतो, लेथवर उभा राहतो. चाकण, रांजणगाव किंवा नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्याला त्याच्या प्रमाणपत्राचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. कॉलेजला मात्र द्यावा लागतो.

आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर घराघरांत जी चर्चा होते, तिच्यात आयटीआयचं नाव बहुधा शेवटी येतं, आणि तेही 'मार्क कमी पडले तर' या शर्तीवर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या मनोवृत्तीचा हिशेबच मांडलेला आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाचा हवाला देऊन त्यात म्हटलंय की, १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेलं होतं. अमेरिकेत हा आकडा ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होता.

पण दोष नुसता पालकांच्या डोक्यात नाही, व्यवस्थेच्या बांधणीतही आहे. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली, शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ मध्ये आला. ही सगळी माणसं तयार करायची ती कारखान्यांसाठी, म्हणून हा कारभार दीर्घकाळ कामगार खात्याकडे राहिला. शाळा-कॉलेजं शिक्षण खात्याकडे. परीक्षा घेणारे वेगळे, प्रमाणपत्रावर सही करणारे वेगळे, आणि एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याने मोजावं अशी कुणाची सक्तीही नव्हती. पुण्याच्या माणसाला हे विशेष विचित्र वाटायला हवं. आजच्या सीओईपीचा उगम १८५४ च्या ज्या वर्गात आहे, तो पदवीधर घडवण्यासाठी निघालेला नव्हता. सार्वजनिक बांधकामांवर दुय्यम अधिकारी हवे होते, म्हणून निघाला होता. कामाचं शिक्षण आधी, विद्यापीठाशी नातं नंतर.

आता वाटा आहेत, आणि त्या बऱ्याच जणांना माहीत नसतात. आठवीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला भाषा विषयांची परीक्षा दिली की दहावीची समकक्षता मिळते. दहावीनंतर केला असेल तर बारावीची. दहावी आणि दोन वर्षांचा योग्य ट्रेड झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे दहावीनंतर कानस हातात घेतलेला मुलगा सात वर्षांत इंजिनिअर होऊ शकतो. अकरावी-बारावी करून गेलेल्याला सहा लागतात. एका वर्षाचा फरक, आणि त्या बदल्यात हातात एक चालू नाणं.

या वाटांना अलीकडे आकड्यांचा आधारही मिळालाय. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शाळा, कॉलेज आणि कौशल्य प्रशिक्षण या तिन्हींना एकच माप लावलं: शिकण्याचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट, वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. आयटीआयच्या सुधारित अभ्यासक्रमाचं वर्षही १२०० तासांचंच आहे. त्या हिशेबाने दोन वर्षांचा फिटर ८० क्रेडिटचा धनी झाला. ही क्रेडिट साठवायला २०२१ पासून 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आहे. ऐकायला सगळं झकास आहे. फक्त ही बँक ठेव घेते, तेवढ्या सहजपणे कर्ज देत नाही. कुठली क्रेडिट पदवीत धरायची हे पदवी देणारी संस्था ठरवते आणि निम्मी तरी क्रेडिट तिच्याच वर्गात मिळवावी लागतात. वेल्डिंगच्या क्रेडिटांचं वाणिज्य शाखेने काय करावं, याचं उत्तर आराखड्यात शोधत बसण्यात अर्थ नाही.

खरी अडचण याहून साधी आहे. तिचं नाव गणित.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी बेसिक मॅथ्स आणि अप्लाइड मॅथ्स असतं. आयटीआयमधून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलाने ते केलेलं नसतं. त्याने 'वर्कशॉप कॅल्क्युलेशन' केलेलं असतं: कटिंग स्पीड, टेपरचा कोन, पत्र्याचं वजन. ते उपयोगाचं गणित आहे आणि त्याला ते येतं. पण बीमवरच्या बेंडिंग मोमेंटचं समीकरण फळ्यावर आलं की त्याच्यामागचं इंटिग्रेशन आधी कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं. इंजिनिअरिंगला हाच प्रसंग पुन्हा. एम-वन आणि एम-टू हे गणिताचे आधीचे पेपर वर्गातल्या इतरांनी केलेले असतात, थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी नाही, आणि समोर उभा ठाकतो एम-थ्री. पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग होस्टेलवर एम-थ्री हा शब्द उच्चारून पाहावा. सरळ बारावीतून आलेलेही कपाळाला हात लावतील. त्यात थेट प्रवेशाच्या फेऱ्या उशिरा संपतात, त्यामुळे हा मुलगा बहुतेकदा वर्ग सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर येऊन बसतो. मग विषय राहतो, एटीकेटी लागते, आणि वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या आधी ज्याचा जॉब तयार असतो तो पोरगा 'आपल्याला कॉलेज झेपत नाही' असं समजू लागतो.

समकक्षता जाहीर करणं सोपं असतं, कारण तिला शासन निर्णय पुरतो. मधलं वर्ष भरून काढायला शिक्षक लागतो, वेळ लागतो, तासिकेचे पैसे लागतात. तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था एआयसीटीई ब्रिज कोर्स घ्या म्हणते. तो दोन-चार शनिवारांत उरकायचा की सत्रभर नेटाने चालवायचा, हे शेवटी त्या कॉलेजच्या मर्जीवर राहतं.

स्वित्झर्लंडने हे कसं सोडवलं ते पाहण्यासारखं आहे. तिथे शालेय शिक्षणानंतर सुमारे दोनतृतीयांश मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळतात, आणि त्यात कुणाची मान खाली जात नाही. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, बाकीचे व्यवसाय शाळेत. पण नुसतं कारागिरीचं प्रमाणपत्र तिथेही उच्च शिक्षणाचं दार उघडत नाही. त्यासाठी १९९०च्या दशकात त्यांनी 'बेरूफ्समाटुरिटेट' नावाची वेगळी परीक्षा आणली. शिकाऊ उमेदवारी चालू असताना किंवा ती संपल्यावर गणित, भाषा आणि इतर सामान्य विषय रीतसर शिकायचे. ती परीक्षा दिली की उपयोजित शास्त्रांच्या विद्यापीठात प्रवेश. ही विद्यापीठंही त्याच दशकात उभी राहिली. पारंपरिक विद्यापीठात जायचं असेल तर आणखी एक पूरक परीक्षा. म्हणजे स्विस लोकांनी फिटरला बारावी पास म्हणून घोषित केलं नाही. त्याला गणित शिकवलं.

उलट बाजूने, म्हणजे पुस्तकाला हाताची जोड देऊन, महाराष्ट्रात एक जुना प्रयोग आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांसाठी ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम: वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. त्याच विचारातून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय राज्यातल्या काही माध्यमिक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुलं हाताने काम करतात आणि तो विषय दहावीच्या गुणपत्रिकेवर येतो. शेवटची गोष्ट महत्त्वाची. गुणपत्रिकेवर नसलेला विषय आपल्या शाळांत फार दिवस टिकत नाही.

कॉलेजांतही आता हाताचं काम गुणपत्रिकेवर येऊ लागलंय. नव्या धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग आलं. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. बी.कॉम.ची मुलगी सीएच्या ऑफिसात जीएसटीची विवरणपत्रं भरते, टॅलीवर बसते, तर ते तास सोन्याचे. पण काकांच्या दुकानाचा शिक्का आणि १२० तासांची सही, हाही मार्ग महाराष्ट्राच्या कल्पकतेला अपरिचित नाही. बी.व्होक. या व्यवसाय शिक्षणाच्या पदवीचा अनुभव याहून वेगळा. यूजीसीने २०१४ च्या आराखड्यात ६० टक्के भाग कौशल्याचा आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचा ठेवला. एका वर्षानंतर बाहेर पडला तर पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तीन वर्षांनी पदवी. रचना उत्तम. तरी 'कुठल्याही शाखेचा पदवीधर' मागणाऱ्या स्पर्धा परीक्षांना बी.व्होक. चालते, हे यूजीसीला वेगळं पत्र काढून सांगावं लागलं.

राहता राहिले ते, जे आधीच कामाला लागलेत. आयटीआयनंतर बहुतेकांना कमाई थांबवून तीन-चार वर्षं वर्गात बसणं परवडत नाही. ती कमाई अनेकदा शिकाऊ उमेदवारीतून सुरू होते: ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन पात्रतेनुसार ५ ते ९ हजारांच्या दरम्यान ठरलं, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. उमेदवारीचं वर्ष संपलं की घरात त्या पगाराचा हिशेब बसलेला असतो. अशांसाठी एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांचे डिप्लोमा आणि पदवीचे वर्ग सुरू करायला परवानगी दिली. तेव्हा अट अशी होती की किमान एका वर्षाचा कामाचा अनुभव हवा आणि कंपनी कॉलेजपासून ५० किलोमीटरच्या आत हवी. वर्ग संध्याकाळी.

पुणे-नाशिक पट्ट्यात या अंतरात बसणारे कारखाने आणि कॉलेजं भरपूर आहेत. पण कारखान्यातली पाळी दर आठवड्याला फिरते आणि कॉलेजचं वेळापत्रक फिरत नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मुलगा तीनच्या सुमाराला सुटतो, बस पकडून संध्याकाळच्या वर्गाला पोचतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्याच वेळी तो मशीनवर असतो, आणि तिसरीत रात्रभर जागून आलेला. सत्र संपेपर्यंत त्याला पहिल्या पाळीत ठेवायचं, हे सुपरवायझरने कबूल केलं तरच उपस्थिती भरते. ते लेखी घ्यायला कॉलेजातलं कुणी कंपनीच्या एचआरकडे गेलंय का, हे प्रवेशाचा अर्ज भरण्याआधीच विचारून घेतलेलं बरं.