तापमापक नेमके कोणाचे तापमान सांगतो?

उन्हाळ्यात कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडू लागला की ती बातमी लहान मुलांच्याही कानी पडते. परंतु पारा चढतो म्हणजे काय होते, हे त्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. पदार्थ तापला की त्याचे कण अधिक जोराने हालचाल करू लागतात व परस्परांपासून किंचित दूर सरतात, त्यामुळे तो पदार्थ अधिक जागा व्यापतो. यालाच प्रसरण म्हणतात. पाऱ्याचे प्रसरण अगदी अल्प, म्हणजे दर अंश सेल्सिअसमागे मूळ आकारमानाच्या सुमारे साडेपाच हजाराव्या भागाइतके असते. एवढीशी वाढ डोळ्यांना दिसावी म्हणून तळाच्या फुग्यात बराचसा पारा भरून त्याला अतिशय बारीक छिद्राची काचेची नळी जोडतात, आणि वाढलेल्या पाऱ्याला त्या अरुंद वाटेने वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

नळीवरचे आकडे मात्र माणसाने ठरवलेले आहेत. बर्फ वितळताना पारा थांबतो तेथे ०, पाणी उकळताना थांबतो तेथे १००, आणि मधल्या अंतराचे शंभर समान भाग, अशी ही सेल्सिअस श्रेणी आहे. (सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये मांडलेल्या श्रेणीत हे दोन आकडे उलटे होते, ते पुढे फिरवले गेले, हे बरेच झाले.) यातली १०० ची खूण समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाला धरून आहे. कर्जत तालुक्यातीलच माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने तेथे दाब कमी पडतो व पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते. तेथे उकळत्या पाण्यात धरून १०० ची खूण केलेला तापमापक पायथ्याच्या नेरळला चुकीचा ठरेल.

याहून महत्त्वाची बाब अशी की तापमापक केवळ स्वतःचे तापमान सांगतो. उष्णता अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते व दोन्ही सारख्या होईपर्यंत जात राहते, म्हणून काखेत तो थोडा वेळ धरावा लागतो. उन्हात टांगलेला तापमापक स्वतःच उन्हाने तापतो आणि त्याचा आकडा हवेचा राहत नाही. भाताच्या ‘कर्जत’ वाणांसाठी ख्यात असलेल्या कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात हवामानाच्या नोंदी होतात. अशा कृषी-वेधशाळांत तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. पेटीच्या भिंती तिरप्या पट्ट्यांच्या असल्याने वारा आत खेळतो पण ऊन शिरत नाही, आणि दार उत्तरेला असल्याने ते उघडतानाही सूर्यकिरण थेट आत पडत नाहीत.

पेटीतील कमाल तापमापकाच्या फुग्याजवळ नळी मुद्दाम चिंचोळी केलेली असते. चढणारा पारा तेथून रेटा देऊन पुढे सरकतो, परंतु हवा थंडावली की तेथेच तुटतो, त्यामुळे दिवसाचा उच्चांक नळीत अडकून राहतो. नोंद झाल्यावर निरीक्षक तापमापकाला झटके देऊन पारा पुन्हा फुग्यात उतरवतो. तापाच्या जुन्या काचेच्या तापमापकाला घरोघरी झटकत असत, त्याचेही कारण हेच.