धृपद धरायला कोणीतरी हवंच!

दुपारचे चार वाजले की साताऱ्या-सांगलीच्या जुन्या पेठांमधल्या एखाद्या तरी देवळातून टाळ ऐकू येतातच. आत महिलांचं भजनी मंडळ बसलेलं असतं. पूर्वी सगळ्या जणी सतरंजीवर मांडी घालून बसायच्या. आता गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे निम्म्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. कुणी पासष्टीची, कुणी ऐंशीच्या पुढची. मांडीवर ठळक अक्षरांत उतरवून घेतलेली वही, आणि नजर शेजारणीच्या ओठांवर, कारण ऐकू कमी येतं! ‘म्हाताऱ्या बायकांचा टाइमपास’ म्हणून आपण पुढे निघून जातो. मैत्रिणींनो, एकदा थांबून ऐका. तिथे टाइमपासपेक्षा बरंच काही चाललेलं असतं.

खरं तर या बायकांना गाणं नवीन नाही. घरोघरी जातं होतं तेव्हा पहाटे दोघी समोरासमोर बसून दळायच्या आणि ओव्या गायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या उगाच नाही. पुढे पिठाची गिरणी आली, हातांचे कष्ट वाचले, फार चांगलं झालं. पण जात्यासमोर बसणारी गाण्यातली जोडीदारीणही गेली. भोंडला मुलींचा, मंगळागौर नव्या नवरीची. म्हणजे बाईचं गाणं वयाबरोबर आटतच जायचं. नवरा गेला की उरलंसुरलंही बंद. ‘आता कशाला मिरवायचं?’ असं कुणी तोंडावर म्हणत नाही, पण तिला ते ऐकू येतं.

म्हणूनच मला मिरजेच्या वेणाबाईंचं फार अप्रूप वाटतं. सतराव्या शतकातली ही बालविधवा, समर्थ रामदासांची शिष्या. त्या काळात त्या उभं राहून कीर्तन करायच्या, असं परंपरा सांगते. त्यांचा मठ मिरजेत आणि समाधी सज्जनगडावर. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांनी अभिमान बाळगावा अशा त्या. त्यांनी ‘सीतास्वयंवर’ नावाचं काव्य लिहिलं. गंमत बघा, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत आपलं पहिलं नाटक केलं तेही ‘सीता स्वयंवर’च! त्यात सीतेचं सोंगसुद्धा पुरुषानं घ्यायचं. आणि इथे एक विधवा बाई त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी लोकांसमोर कीर्तनाला उभी राहिलेली.

भजनाची घडणच मोठी शहाणी आहे. एक जण अभंग सांगते, बाकीच्या मागे धृपद धरतात. एकीचा दम संपला तर दुसरी ओळ सोडत नाही, तोवर पहिलीनं श्वास घ्यायचा. आवाज चिरका असो, थरथरता असो, पंधरा जणींच्या आवाजात तो सामावून जातो. एकटीनं गायचं म्हटलं तर ज्या लाजून पदर तोंडाशी धरतील, त्या इथे मोकळ्या गळ्यानं गातात.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. यजमान गेले, मुलं पुण्याला. सहा महिने त्या घराबाहेर पडल्या नाहीत. शेवटी मंडळातल्या दोघी घरी गेल्या. सांत्वनाचं एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘मंगळवारी धृपद धरायला माणूस कमी पडतंय. येताय ना?’’ बाई गेल्या. पहिले दोन मंगळवार नुसते टाळ वाजवले. तिसऱ्या मंगळवारी गायला लागल्या आणि अर्ध्यातच गळा दाटून आला. कुणी थांबलं नाही, कुणी पाणी आणायला धावलं नाही. बाकीच्यांनी ओळ पुढे नेली. दोन कडव्यांनंतर या पुन्हा सामील झाल्या. मुलं रोज फोनवर विचारतात, ‘आई, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का?’ तीही मायाच. पण ‘तुमच्यावाचून अडलंय’ असं त्यांना म्हटलं ते फक्त मंडळानं.

परदेशात याचा रीतसर अभ्यास झालाय. अमेरिकेत डॉ. जीन कोहेन यांनी २००१ पासून वॉशिंग्टनमधल्या वृद्धांच्या एका गायनवृंदाची पाहणी केली. त्यांचं सरासरी वय ऐंशीच्या घरातलं. वर्षभरानंतर, न गाणाऱ्या समवयस्कांपेक्षा त्यांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या कमी होत्या, औषधं कमी होती, पडण्याचे प्रसंगही कमी! स्वीडनमधल्या संशोधकांना २०१३ मध्ये आढळलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकत्रच कमी-जास्त होते, कारण ओळीच्या लांबीप्रमाणे सगळ्यांचा श्वास एकदम चालतो. आता भजनानं संधिवात बरा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बीपीची गोळीही चालूच ठेवायची, बरं का!

मंडळांमध्येही दोन गोष्टी मला खटकतात. पेटी वाजवणारी चाळिशीची असली की ती आपल्या सोयीनं काळी पाचमध्ये गाते आणि वयस्कर आवाज वर ताणून फाटतात. वयाबरोबर आवाज खाली उतरतो. काळी तीन किंवा त्याहून खालची पट्टी घेतली तर काय बिघडतं? दुसरं म्हणजे भजन स्पर्धा. एकसारख्या साड्या, वेळेचं घड्याळ, आणि बक्षीस मिळावं म्हणून ज्यांचा सूर हलतो त्या आजींना हळूच मागच्या रांगेत किंवा सरळ घरी! स्पर्धा जरूर करा, पण त्या आजींना घेऊन.

तुमच्या आईला किंवा सासूबाईंना जायचं असेल आणि संकोच वाटत असेल, तर पहिल्या दिवशी रिक्षानं सोबत जा. वही मोठ्या अक्षरांत उतरवून द्या. हे काम नातीला सांगा. आणि हो, मंडळाच्या दिवशी नातवंडं सांभाळायला त्यांना गृहीत धरू नका. चार ते सहा त्या कामात असतात.