एकशेवीसचं दोनशेतीस करताना

ज्यांच्या घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवलं की आवाज लगेच येत नसे. आधी मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसायचा, मग खरखर, आणि मग बातम्या. ट्रान्झिस्टर आला आणि ते थांबणं संपलं. गिटार वाजवणाऱ्यांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही. आवाज चढवत नेला की व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर एकदम फाटत नाही, हळूहळू खरबरीत होत जातो. त्यांना तो खरबरीतपणाच हवा असतो. मला विचाराल तर कव्वालाचा गळा तापल्यावर लागतो ना, तसा तो आवाज.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, चिखलोलीत राहणारा माझा भाचा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याच्या चुलत्यांनी अमेरिकेहून अशा ॲम्प्लिफायरचं किट पाठवलं. सगळे भाग सुटे, घरी बसून जोडायचे. तीन व्हॉल्व्ह: १२ एएक्स ७, ६ व्ही ६ आणि ५ वाय ३. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं होतं, १२० व्होल्ट, ६० सायकल्स. आपल्या भिंतीतून येते ती वीज २३० व्होल्ट, ५० सायकल्स. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, गझला लिहिणारा माणूस. पण मात्रा मोजायची सवय असल्यामुळे असेल, हे फेऱ्यांचं गणित मला आवडलं आणि मी भाच्याबरोबर उल्हासनगरच्या वाइंडिंगवाल्याकडे चार खेपा घातल्या.

एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये वीज विकायला सुरुवात केली ती ११० व्होल्टच्या आसपास, त्या वेळच्या दिव्यांना मानवेल अशी. अमेरिका त्याच आकड्याजवळ राहिली. युरोपने पुढे दाब दुप्पट केला, कारण दाब दुप्पट झाला की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो आणि तांबं वाचतं. आपण त्या वाटेने गेलो. दाब बदलणं किती मोठं काम असतं ते आपल्या लोकलने पाहिलं आहे. मध्य रेल्वेचे उपनगरी मार्ग १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर नेण्याचं काम २०१६ साली पुरं झालं. मधल्या काळात दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या ठेवाव्या लागल्या होत्या.

किटमधला ट्रान्सफॉर्मर तसाच आपल्या सॉकेटला लावला तर? व्हॉल्व्हच्या तारेला ६.३ व्होल्ट हवेत, तिथे बारा जातील. साडेतीनशेच्या घरातला दाब साडेसहाशेच्या पुढे जाऊ पाहील. पण बहुधा त्याआधीच ट्रान्सफॉर्मरचं लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरेल आणि प्रवाह बेसुमार वाढेल. फ्यूज वेळेवर उडाला तर नशीब.

बाजारात स्टेप-डाउनचा डबा मिळतो. २३० आत, ११० किंवा १२० बाहेर. हा ॲम्प्लिफायर चाळीस-पन्नास वॅट घेतो, म्हणजे शंभर वॅटचा डबा पुरे. भाच्याला हाच मार्ग सोपा वाटला. पण एका दुकानातून आणलेल्या डब्याला अमेरिकन पद्धतीचं दोनच पिनांचं तोंड होतं. अर्थिंग तिथेच तुटलं. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. पत्र्यात वीज उतरली, हात तारांवर आणि ओठ दुसऱ्या यंत्राच्या माइकला लागलेले असले, की वाट वाजवणाऱ्याच्या छातीतून जाते. मी तो डबा घरात ठेवू दिला नाही.

शिवाय डबा दाब उतरवतो, सायकल्स बदलत नाही. साठऐवजी पन्नास सायकल्स म्हणजे प्रत्येक लाट जास्त वेळ रेंगाळते आणि लोखंडावर वीस टक्के जास्त भार येतो. फक्त साठसाठी काटकसरीने बनवलेला ट्रान्सफॉर्मर तापत राहतो.

म्हणून नवा ट्रान्सफॉर्मर. काही किटांत १२० व्होल्टची दोन वेटोळी असतात. ती एकापुढे एक जोडली की २४० होतात. पण पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीलाच जोडायचा. उलटं झालं तर दोघं एकमेकांना मारतात आणि फ्यूज जातो. आमच्याकडे एकच वेटोळं होतं.

वाइंडिंगवाल्याने हिशेब असा मांडला. समजा साठ सायकल्सला व्होल्टमागे पाच फेरे पुरतात, म्हणजे १२० व्होल्टला ६००. त्याच लोखंडावर पन्नास सायकल्सला व्होल्टमागे सहा हवेत, म्हणून २३० व्होल्टला १३८०. तार बारीक चालते, कारण प्रवाह निम्म्याच्या जवळ आला. दुसऱ्या बाजूचे फेरेही त्याच हिशेबाने वाढवायचे. खिडकीत तेवढी तार मावत नसेल तर पट्ट्यांची थप्पी जाड घ्यायची. उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’ची चेष्टा आपण वर्षानुवर्षं करतो. या वेळी माल खरोखर यूएसएचा होता आणि आपल्या विजेवर चालण्यालायक झाला तो उल्हासनगरात.

२३०च का, २२० का नाही? संध्याकाळी दाब २१०पर्यंत उतरला तर ६.३च्या जागी पावणेसहा मिळतात, रात्री २५०वर गेला तर ६.८५. दोन्ही दहा टक्क्यांच्या आत. २२०चा असता तर २५०ला सव्वासातच्या जवळ गेला असता आणि व्हॉल्व्ह लवकर म्हातारे झाले असते. गिटारच्या आवाजाच्या वाटेवरचा, स्पीकरला जोडलेला ट्रान्सफॉर्मर मात्र बदलायचा नसतो. त्याचा भिंतीतल्या विजेशी संबंधच नाही.

सगळ्यात घातक गोष्ट निघाली रंगाची. अमेरिकन दोरीत काळी वायर फेजची, पांढरी न्यूट्रलची. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल. नव्या दोऱ्यांत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. ‘‘मामू, काळी म्हणजे न्यूट्रलच ना,’’ असं म्हणत भाचा दोरी जोडायला निघाला होता. तसं झालं असतं तर स्विच आणि फ्यूज न्यूट्रलमध्ये बसले असते, आणि बटण बंद करूनही आत फेज जिवंत राहिली असती. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला. हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर पत्र्याला, वेगळ्या बोल्टने घट्ट. फ्यूजही बदलायचा. तिथे एक ॲम्पिअरचा असेल तर इथे अर्ध्याचा.

पहिल्यांदा वीज दिली ती व्हॉल्व्ह न लावता, सिरीज लॅम्पमधून. साठ वॅटचा साधा बल्ब मध्ये. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. तो क्षणभर लुकलुकून मंदावला. मीटरवर ६.३च्या जागी सात दिसले म्हणून घाबरायचं नाही, भार नसताना आकडा चढतोच. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने शून्य बघून मगच हात घालायचा.

व्हॉल्व्ह लावले. नारिंगी उजेड आला, आणि स्पीकरमधून बारीक घुमणं. या घुमण्याचा सूर विजेच्या सायकल्सच्या दुप्पट असतो. अमेरिकेत १२०, इथे १००. भाच्याने गिटारवर तो शोधला. जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीच्या किंचित वर.