खिशातला साक्षीदार

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाची धार बोथट केली. चारच दिवसांनी, १० तारखेला, एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. पहिल्या निकालाचा जल्लोष झाला. दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. या कायद्यातलं २२वं कलम मोलाचं आहे: संसर्गाचा धोका टळावा म्हणून माहिती, निरोध किंवा स्वच्छ सुया देणं गुन्हा ठरत नाही.

तोवर मेफेड्रोन हे नशेचं द्रव्य, म्हणजे 'एमडी' किंवा 'म्याव म्याव', मुंबईत मुरलं होतं. फेब्रुवारी २०१५मध्ये ते अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली आलं. नशेत शरीरसंबंध, म्हणजे 'केमसेक्स', यातही तेच वापरलं जातं. हे मुंबईचं खूळ, असं म्हणून जालन्याला सुटता येणार नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने एमडीसह अमली पदार्थांसाठी छापे घातले ते शेजारच्या छत्रपती संभाजीनगर आणि पैठणमध्ये.

एमडीचा अंमल लवकर उतरतो, म्हणून पुन्हा पुन्हा घेतलं जातं. मग झोप, पाणी, निरोध, एचआयव्हीची रोजची गोळी, सगळंच राहून जातं. नेमकं हेच सावरायला बेल्जियममधल्या अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने 'बड' हे अ‍ॅप तयार केलं. उपदेश नाही, पार्टीआधी तयारी करायची, काय आणि केव्हा घेतलं ते टिपायचं, नंतर स्वतःला सावरायचं.

पण हेच टिपण आपल्याकडे अंगाशी येईल. एनडीपीएसच्या २७व्या कलमानुसार सेवन हाच गुन्हा. २०२०च्या मुंबईतल्या अमली पदार्थांच्या गाजलेल्या प्रकरणांत व्हॉट्सअ‍ॅपवरची जुनी संभाषणंच तपासाचा कणा होती. अँटवर्पमधला मदतनीस इथे साक्षीदार होतो, तोही तारीख-वेळेसकट. स्वतःहून व्यसनमुक्तीच्या उपचाराला जाणाऱ्याला ६४-अ कलम अभय देतं खरं, पण 'आजची रात्र जाऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्याला त्याचा काय उपयोग? आणि अडचण नेमकी त्याच रात्रीची असते.

अशा माणसाला जालन्यात आज हाताशी आहेत ते साधे फोन नंबर. एचआयव्हीबद्दल विचारायला १०९७, श्वास मंदावला किंवा शुद्ध हरपली तर १०८. मराठीत असं अ‍ॅप करायचंच झालं, तर आधी त्यातली नोंदवही काढून टाकावी. पाणी प्यायची, गोळी घ्यायची आठवण चालेल, १०८चं मोठं बटण चालेल, इंटरनेटविना उघडणारी माहिती तर हवीच. नाव, गाव, तारीख मात्र काही नको.